दुर्बीण घेताना आधी तिचे पाय बघा

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. लेक सातवीत. शाळेच्या सहलीत कुणीतरी दुर्बिणीतून शनी दाखवला, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. बजेट २५ हजार. दोन दुर्बिणी हेरून ठेवल्या आहेत. पहिली ७० मिमी भिंगाची, ७०० मिमी नाभीय अंतराची (भिंगापासून चित्र जिथे टोकदार उमटतं तिथवरचं अंतर), साध्या ट्रायपॉडवर, खोक्यावर ‘५२५ पट’. दुसरी १२७ मिमी आरशाची, १००० मिमी नाभीय अंतराची, इक्वेटोरियल माउंटवर (माउंट म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणारी बैठक), खोक्यावर ‘७५० पट’. घर चौथ्या मजल्यावर, बाल्कनी पश्चिमेला, गच्चीची किल्ली सोसायटीकडे. सिन्नरजवळ गाव आहे, तिथे वर्षातून चार-पाचदा जाणं होतं. “दुसरीचं मॅग्निफिकेशन जास्त आहे, माउंटही प्रोफेशनल वाटतो, आणि फोटो काढता येतात असं लिहिलंय. घेऊन टाकू का?”

ताई, दोन्ही नका घेऊ. का ते सांगतो, आणि त्याच पैशांत काय घ्यायचं तेही सांगतो.

तुमचा प्रश्न ‘किती पट मोठं दिसेल’ असा आहे. पण लोकांना आकाश दाखवता दाखवता पंचवीसेक वर्षांत मी ज्या दुर्बिणी माळ्यावर गेलेल्या पाहिल्या, त्यातली एकही मॅग्निफिकेशन कमी पडलं म्हणून गेलेली नाही. त्या गेल्या, कारण बाहेर काढून लावायला अर्धा तास लागायचा, ग्रह सापडायचा नाही, आणि सापडलाच तर थरथरत असायचा. तेव्हा खरा प्रश्न असा आहे, की सातवीतली मुलगी कुणाच्या मदतीशिवाय, पाच मिनिटांत कोणती दुर्बीण लावू शकेल?

आधी त्या ‘५२५ पट’चा हिशोब करू. मॅग्निफिकेशन म्हणजे दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले आयपीसचं, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगाचं, नाभीय अंतर. ७०० भागिले ४ मिमीचा आयपीस म्हणजे १७५. त्याच्यापुढे तीन पट करणारं बार्लो भिंग लावलं की ५२५. दुसरीचंही तसंच, १००० भागिले ४ म्हणजे २५०, गुणिले ३ म्हणजे ७५०. आकडा खोटा नाही, पण निरुपयोगी आहे. भिंगाने जेवढा प्रकाश गोळा केला तेवढाच तुमच्याकडे असतो. तो तुम्ही जास्त जागेवर पसरवता, बाकी काही नाही. वाटीभर आमटीत तांब्याभर पाणी ओतलं म्हणून ती जास्त माणसांना पुरते का? ढोबळ नियम असा, की मिलिमीटरमधल्या व्यासाच्या दुपटीपुढे जाऊ नये. म्हणजे ७० मिमीला १४० पट फार झालं. त्यातही आपल्या डोक्यावरची हवा बहुतेक रात्री २०० ते २५० पटींच्या पुढे कुठल्याच दुर्बिणीला जाऊ देत नाही, मग ती केवढीही असो. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चार चंद्र पाहिले ते साधारण २० पटींच्या दुर्बिणीतून.

आता पायांकडे येतो, कारण माझे स्वतःचे पैसे तिथेच बुडाले होते. १९९७ साली हेल-बॉप धूमकेतू आला आणि मी पगारातून साठवून ६० मिमीची दुर्बीण घेतली. भिंग अजिबात वाईट नव्हतं. पाय मात्र ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचे, मध्ये प्लॅस्टिकचा जोड. त्यातून पहिल्यांदा शनी सापडला ती रात्र आठवते. फोकसच्या चाकीला बोट लावलं की शनीच्या पाच-सहा रेघा व्हायच्या, जणू कुणी पेन्सिलीने गिरवतंय. बोट काढून श्वास रोखून थांबायचं. सहा-सात सेकंदांनी तो स्थिर व्हायचा आणि तेव्हा कळायचं, की फोकस नेमका थोडा पुढे गेलाय. पुन्हा बोट, पुन्हा रेघा. तोवर पृथ्वी फिरतेच आहे. आकाश तासाला १५ अंश सरकतं. ५२५ पटींवर दुर्बिणीला आकाशाचा इतका चिमुकला तुकडा दिसतो, की ग्रह या कडेकडून त्या कडेला वीसेक सेकंदांत पार होतो. त्यातली सात सेकंदं थरथरण्यात गेली, तर बघायचं कधी? १०० पटींवर तोच ग्रह साधारण दोन मिनिटं टिकतो.

म्हणून दुकानात किंवा कुणाच्या घरी दुर्बीण बघायला मिळाली, तर एक परीक्षा नक्की करा. लांबच्या इमारतीवरचं काहीतरी फोकसमध्ये घ्या, नळीला पेन्सिलीने हलकी टिचकी मारा आणि मोजा. दोन-तीन सेकंदांत चित्र स्थिर झालं तर पाय चांगले. चार-पाचच्या पुढे गेलं, तर भिंग कितीही नामी असलं तरी मागे फिरा. माझं मत विचाराल तर २५ हजारांतले निदान दहा हजार पायांवर जायला हवेत. किंवा पायच नसलेली दुर्बीण घ्यावी.

पायच नसलेली म्हणजे डॉब, पूर्ण नाव डॉब्सोनियन. हिची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जॉन डॉब्सन १९१५ साली बीजिंगमध्ये जन्मले आणि १९४४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाले, म्हणजे आपल्या रामकृष्ण संघाच्याच. मठात राहून हा संन्यासी जहाजाच्या खिडक्यांच्या जुन्या जाड काचा मिळवून आरसे घासायचा, पुठ्ठ्याच्या नळीत बसवायचा आणि लाकडी खोक्यावर ठेवून रस्त्यावरच्या लोकांना चंद्र दाखवायचा. या उद्योगापायी १९६७ साली त्यांना मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी फुटपाथवर दुर्बीण लावणाऱ्यांची त्यांची संघटना सुरू झाली. त्यांची युक्ती अगदी साधी होती: नळी दोन बाजूंनी खोबणीत टेकवायची आणि खालचं खोकं गोल फिरू द्यायचं. वर-खाली आणि डावी-उजवीकडे, एवढंच. स्क्रू नाहीत, वजनं नाहीत, गिअर नाहीत. हाताने ढकललं की सरकते, सोडलं की थांबते.

याचं महत्त्व कळतं ते गावातल्या आकाशदर्शनात. समोर साठ माणसांची रांग. प्रत्येक जण वाकतो, आयपीस दोन हातांनी धरतो आणि बरणीचं झाकण काढावं तसा स्वतःकडे ओढतो. काय करणार, माणसाचा स्वभावच तो. ट्रायपॉडवरची दुर्बीण असेल तर शनी गेला आणि पुढच्याला तो शोधून द्यायचा. डॉब असेल तर एका बोटाने परत जागेवर आणता येते. तुमच्या घरीही आजी-आजोबा, शेजारी, मैत्रिणी असणारच. दुर्बीण घेतली की तुमची गच्ची सार्वजनिक होते, याची मानसिक तयारी ठेवा.

तेव्हा माझं उत्तर: १३० मिमी आरशाची, ६५० मिमी नाभीय अंतराची टेबलटॉप डॉब. बजेट ताणलं जात असेल तर ११४ मिमीची चालेल. ७० मिमीच्या मानाने १३० मिमीचा आरसा जवळजवळ साडेतीन पट प्रकाश गोळा करतो, कारण प्रकाश व्यासाच्या वर्गाने वाढतो. बहुधा २५ आणि १० मिमीचे आयपीस सोबत मिळतात, म्हणजे २६ आणि ६५ पट. पुढे एक बरं दोन पटींचं बार्लो घेतलं की १३० पट. सुरुवातीची दोन वर्षं याहून जास्त लागत नाही.

टेबलटॉप म्हणजे टेबलावर ठेवायची, आणि इथे एक ग्यानबाची मेख आहे. डळमळत्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर ठेवलीत, तर मी १९९७ साली केलेलीच चूक तुम्ही वेगळ्या दुकानातून विकत घेतलीत असं समजा. गच्चीवर पाण्याच्या टाकीचा सिमेंटचा कट्टा उत्तम. गावी जुनी सागवानी घडवंची कुठे अडगळीत पडली असेल तर ती काढून ठेवा. हंडे-कळशांचं वजन पेलायला केलेली असते, दुर्बिणीखाली हलत नाही, आणि सातवीतल्या मुलीला उंचीही बरोबर येते. चटईवर बसून बघायचं असेल तर साधा पाटही चालतो.

आता तुमच्या १२७ मिमीवाल्या दुर्बिणीबद्दल, कारण ती कागदावर माझ्या सल्ल्याच्या अगदी जवळची दिसते. आरशाच्या साध्या दुर्बिणीत नळीची लांबी नाभीय अंतराच्या आसपास असते. १००० मिमी लिहिलं असेल तर नळी मीटरभर हवी. ही नळी फोटोत अर्ध्या मीटरची दिसते ना? मग आत फोकसरच्या नळकांड्यात एक जादाचं भिंग बसवलेलं आहे, जे नाभीय अंतर लांबवतं. स्वस्त दुर्बिणींत ही रचना नीट जमलेली मी फार कमी वेळा पाहिली. चित्र कधी पूर्ण टोकदार होत नाही, आणि आरसे एका रेषेत जुळवायला बसलात तर ते मधलं भिंग आडवं येतं. नवख्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

इक्वेटोरियल माउंटचा मोह मला समजतो. त्याचा एक अक्ष ध्रुव ताऱ्याकडे रोखला, की दुसऱ्याच कशाला हात न लावता एक चाकी फिरवून ग्रहाचा पाठलाग करता येतो. कल्पना सुंदरच आहे. पण ध्रुव तारा क्षितिजापासून किती वर दिसतो? आपला अक्षांश जितका, तितकाच. डोंबिवलीत साधारण १९ अंश. म्हणजे हात लांब करून दोन मुठी एकावर एक ठेवल्या की झालं. तेवढ्या उंचीवर शहरात समोरची बिल्डिंग असते, नाहीतर धूळ. तुमच्या पश्चिमेच्या बाल्कनीतून तर तो दिसणारच नाही. शिवाय आपल्याकडे तो अक्ष इतका आडवा होतो, की लहान माउंटची वजनाची दांडी फिरताना ट्रायपॉडच्या पायाला थडकते. आणि त्यावर आरशाची दुर्बीण असेल, तर आकाशाच्या निम्म्या भागात आयपीस नळीच्या खाली नाहीतर पाठीमागे जातो. मग नळी सैल करून फिरवा, तोल पुन्हा साधा. फोटो काढणाऱ्या माणसाला हे सगळं करावंच लागतं, पण त्याला मोटर लावलेला दणकट माउंट लागतो आणि एकट्या त्या माउंटची किंमत तुमच्या बजेटच्या बाहेर जाते. खोक्यावर लिहिलेले ‘फोटो’ म्हणजे आयपीसला मोबाइल टेकवून काढलेले चंद्राचे फोटो. ते डॉबवरही मस्त येतात.

एवढं सांगून, काही गोष्टी परिस्थितीवर आहेत हेही कबूल करतो. सोसायटी गच्चीची किल्ली देणारच नसेल आणि गावी जाणंही कमी होणार असेल, तर बाल्कनीपुरती ८० किंवा ९० मिमी भिंगाची दुर्बीण, जाड नळीच्या स्टीलच्या पायांवर, वर-खाली आणि डावी-उजवी फिरणाऱ्या साध्या माउंटवर, हा शहाणा पर्याय ठरेल. तिला आरसे जुळवायची भानगड नाही. पश्चिमेची बाल्कनी वाया जात नाही. अमावास्येनंतरची चंद्रकोर आणि संध्याकाळी दिसतो तेव्हा शुक्र, दोन्ही तिकडेच असतात, आणि शुक्राच्या चंद्रासारख्या कला लहान दुर्बिणीतही छान दिसतात. फक्त दिवसभर तापलेली भिंत आणि स्लॅब रात्री नऊ-दहापर्यंत गरम हवा सोडत राहतात. तव्यावरच्या हवेसारखं चित्र उकळताना दिसलं, तर दुर्बिणीला दोष देऊ नका, थोडं थांबा.

मुलीचा उत्साह टिकेल का याचीच शंका असेल, तर १० बाय ५० ची (१० पट, ५० मिमी भिंगांची) द्विनेत्री घ्या. बरीच स्वस्त पडते, आणि आकाशाचं नाही जमलं तर पक्षी बघायला उपयोगी येते. चष्मा असेल तर साधा नंबर फोकसने भरून निघतो, चष्मा काढून बघावं. सिलिंड्रिकल नंबर बराच असेल तर मात्र तो ठेवावा.

काय दिसेल? तुमच्या मुलीला हे आधी सांगा, नाहीतर पहिल्याच रात्री हिरमोड होईल. इंटरनेटवर दिसतात तसे जांभळे-गुलाबी तेजोमेघ दिसणार नाहीत. आपला डोळा मंद उजेडात रंग ओळखत नाही. मृगातला तेजोमेघ राखाडी-हिरवट धुरासारखा दिसतो, त्याच्या पोटात चार तारे. देवयानी दीर्घिका म्हणजे कापसाचा पुसट बोळा. शनी वाटाण्याएवढाही दिसत नाही, पण कडी स्पष्ट असते, आणि तो खराच तिथे आहे हे कळल्यावर माणसं काही क्षण बोलत नाहीत. मार्च २०२५ मध्ये ही कडी आपल्याला बरोबर कडेवरून दिसत होती, रेघेसारखी. आता ती वर्षागणिक उघडत चालली आहेत, म्हणजे तुमच्या मुलीची वेळ चांगली आहे. गुरूचे दोन पट्टे आणि चार चंद्र तर हमखास. चंद्रांच्या जागा रोज वहीत काढायला सांगा, पंधरा दिवसांत ती गॅलिलिओच्या वाटेला लागेल.

चंद्र पौर्णिमेला बघू नका. कोजागरीला दूध प्या, दुर्बीण झाकून ठेवा. पूर्ण चंद्र दुर्बिणीत सपाट, डोळे दिपवणारा थाळा असतो. शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या आसपास बघा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात, सगळी मजा तिथेच. लग्नात अरुंधती दाखवतात ना, ती सप्तर्षींमधल्या वसिष्ठाशेजारी. ती जोडी नुसत्या डोळ्यांनी दिसते. ६५ पटींवर वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांत फुटतो. किती भटजींना हे माहीत असेल!

सिन्नरच्या बाजूचं आकाश मात्र खरा ठेवा आहे. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून दोन मुठींहून जरा वर, नरतुरंग तारकासमूहात ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ असतो. आधी २५ मिमीच्या आयपीसने बघा, मग १० च्या. रांगोळी सांडावी तसे तारे दिसू लागतात. युरोपातल्या बहुतेक हौशी निरीक्षकांना हा घरून कधीच दिसत नाही, कारण त्यांच्याकडे तो क्षितिजाच्या वर येतच नाही. थंडीत कृत्तिका २६ पटींवर एका नजरेत मावतात. कधी विदर्भात जाणं झालं तर पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (जिथलं आकाश दिव्यांच्या उजेडापासून जपलं जातं) म्हणून मान्यता मिळाली आहे. तिथली अमावास्येची रात्र मुलीला एकदा तरी दाखवा.

खरेदी कधी? जूनमध्ये अजिबात नको. चार महिने ढगांखाली खोकं पडून राहील आणि दमट हवेने आरशावर, भिंगावर बुरशी येईल. दसऱ्याच्या सुमारास घ्या, पुढचे पाच-सहा महिने आकाश तुमचं. पावसाळ्यात नळीला दोन्हीकडून टोप्या, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी हवा द्यायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नका. आरशावर धूळ दिसली तर दिसू द्या, ओढणीने पुसायला गेलात तर कायमचे ओरखडे पडतील.

घेण्याआधी एकदा तरी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघा. मुंबईत खगोल मंडळ आणि पुण्यात १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था यांचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात. एका रात्रीत सात-आठ प्रकारच्या दुर्बिणी हाताळायला मिळतात आणि मालक मंडळी आपापल्या दुर्बिणीच्या खोडी न विचारता सांगतात.

एका बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. खोक्यात आयपीसला लावायची छोटी काळी ‘सन फिल्टर’ काच निघाली, तर ती त्याच दिवशी फोडून कचऱ्यात टाका. सूर्याची सगळी उष्णता तिच्यावर एकवटते, काच तडकते, आणि त्यामागे मुलीचा डोळा असतो. सूर्य बघायचाच असेल तर नळीच्या पुढच्या तोंडावर बसणारा, त्यासाठीच बनवलेला फिल्टर लागतो, आणि फाइंडर, म्हणजे नळीवरचं नेम धरायचं छोटं साधन, झाकलेला हवा. तोवर दिवसा दुर्बीण गच्चीवर उघडी ठेवून खाली चहाला जाऊ नका.

दुर्बीण आल्यावर पहिलं काम मात्र दिवसाउजेडीच करायचं, सूर्याकडे पाठ करून. एखादा किलोमीटरभर लांबचा मोबाइल टॉवर मोठ्या आयपीसमध्ये मधोमध आणा आणि फाइंडरचा लाल ठिपका त्याच टोकावर जुळवा. हे न करता रात्री गुरू शोधायला गेलात तर तासभर नुसतं काळं आकाश बघाल. काम झालं की तो ठिपका बंद करायला विसरू नका, त्याची चपटी बॅटरी सिन्नरच्या बाजारात मिळेलच असं नाही. नळीचा पुढचा भाग उघडा असलेलं मॉडेल आलं, तर काळ्या ड्रॉइंग पेपरची गुंडाळी करून त्याला घाला, शेजारच्या ट्यूबलाइटचा उजेड आत शिरत नाही. आणि गावी जाताना ती डिकीत नको. मागच्या सीटवर आडवी ठेवा, खाली गोधडी, वरून सीटबेल्ट. कसारा घाटातल्या खड्ड्यांनी आरसा जागचा हलतो.